वेटोळ्याला गुण किती?

पावसाच्या तोंडावर रोपं घ्यायला येणारा माणूस आधी उंची बघतो, मग पानांचा तजेला, मग भाव विचारतो. मुळाची चौकशी सहसा कोणी करत नाही. करायची म्हटली तर पिशवी फाडावी लागते, आणि फाडलेली पिशवी कोण विकत घेणार? त्यामुळे ज्या अवयवावर रोपाचं पुढचं सगळं अवलंबून, तो न बघताच सौदा होतो. हे चालतं कसं आणि चालू द्यावं का, यावरचं एक भांडण इथे मांडतो आहे. माणसं काल्पनिक आहेत. भांडण रोपवाटिका आणि प्रयोगशाळा यांच्यात फार दिवसांपासूनचं आहे.

आत्या रत्नागिरी जिल्ह्यात बचत गटाच्या बायकांना घेऊन रोपवाटिका चालवते. खैर, साग, शिवण, काजू, थोडा बांबू. भाचा दापोलीला वनशास्त्र शिकतो, आणि खैराच्या रोपांची मुळं हा त्याच्या प्रबंधाचा विषय. मे महिन्याची दुपार आहे, शेडनेटखाली पिशव्यांच्या रांगा आहेत आणि आत्याचं पाणी घालणं चालू आहे.

भाचा : आत्या, खैराची चाळीस रोपं लागतील. भाव लाव, पैसे देतो.

आत्या : लावणार कुठे?

भाचा : लावायला नकोत. धुवायला हवीत.

आत्या : धुवायला?

भाचा : पिशवी कापायची, मातीचा गोळा पाण्यात भिजत घालायचा, सावकाश माती सोडवायची, सुटलेली मुळं चाळणीवर धरायची. मग पारदर्शक ट्रेमध्ये थोडं पाणी घेऊन त्यात ती चिमट्याने पसरायची आणि ट्रे स्कॅनरवर ठेवायचा. संगणक सांगतो, एकूण लांबी किती, जाडी किती, टोकं किती, फाटे किती. शेवटी सगळं ओव्हनमध्ये सत्तर अंशांना वाळवायचं आणि वजन घ्यायचं.

आत्या : आणि रोप?

भाचा : रोप गेलं.

आत्या : म्हणजे चाळीस रोपं मारून तुला कळणार काय, तर मारायच्या आधी ती बरी होती!

भाचा : उरलेल्या हजारोंबद्दल कळणार. शितावरून भाताची परीक्षा तूही करतेसच ना?

आत्या : भात एका पातेल्यात, एका आचेवर शिजतो. माझ्या वाफ्यात कडेच्या रांगेला ऊन जास्त, मधल्या रांगा एकमेकींच्या सावलीत, नळाजवळच्या पिशव्या कायम ओल्या. तू उचलणार त्या हाताशी येतील त्या.

भाचा : नाही. पिशव्यांना नंबर द्यायचे आणि चिठ्ठ्या टाकायच्या. कडेच्या वेगळ्या, मधल्या वेगळ्या. तू म्हणतेस तेच संख्याशास्त्र म्हणतं. वाफ्यातला फरक आधी मान्य करायचा, मग नमुना घ्यायचा.

आत्या : बरं, मोजलंस. खैराचं मूळ एवढे मीटर. त्या आकड्याचं मी काय करू?

मुळांच्या लांबीचे आकडे माणसाला भुलवतात, यात शंका नाही. १९३७ साली अमेरिकेत एच. जे. डिटमर यांनी राय या धान्याचं एक रोप लाकडी पेटीत चार महिने वाढवलं आणि त्याच्या मुळांचा हिशेब मांडला. पेटी जेमतेम फूटभर लांब-रुंद. मुळं भरली एक कोटी अडतीस लाख आणि त्यांची लांबी ६२३ किलोमीटर. मुळांवरच्या केसासारख्या मूलरोमांची लांबी वेगळी, दहा हजार किलोमीटरच्या वर. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत हा आकडा पिढ्यान्‌पिढ्या फिरतो आहे. ऐकणारा ‘बाप रे’ म्हणतो आणि पुढचा प्रश्न विचारायचं विसरून जातो. आत्या विसरणाऱ्यांपैकी नाही.

भाचा : एकटा आकडा काही सांगत नाही, कबूल. पण समज, दोन रोपांच्या वाळलेल्या मुळांचं वजन सारखंच आहे, दोन ग्रॅम. एकाची लांबी दहा मीटर, दुसऱ्याची तीस. पहिल्याने सगळी कमाई सोटमुळात घातली, दुसऱ्याने बारीक मुळांत. वजन तेच, स्वभाव वेगळा. तराजूला हे दिसत नाही.

आत्या : मला दिसतं. दर वाफ्यातल्या दोन-तीन पिशव्या मी फाडून बघते.

भाचा : मग तूही मारतेसच की.

आत्या : मी लगेच मोठ्या पिशवीत बसवते. बहुतेक जगतात. आणि मला स्कॅनर लागत नाही. केवढ्याचा असतो रे तो?

भाचा : लांबीपुरता नसला तरी चालतं. काच आणि आलेखाचा कागद पुरे. १९६६ मध्ये न्यूमन यांनी दाखवलं की मुळं रेषांवर विखरून टाकली आणि ती रेषांना किती ठिकाणी छेदतात ते मोजलं, की लांबी काढता येते. १९७५ मध्ये टेनंट यांनी ते आणखी सोपं केलं. सेंटिमीटरच्या चौकटींच्या कागदावर काचेचा ट्रे, ट्रेमध्ये पाणी, पाण्यात मुळं. आडव्या आणि उभ्या, सगळ्या रेषांवरचे छेद मोजायचे आणि अकरा चौदांशांनी गुणायचे. छेद ४२० आले तर लांबी ३३० सेंटिमीटर.

आत्या : अकरा चौदांश कुठून काढले?

भाचा : बावीस सप्तमांश भागिले चार. म्हणजे पायचा चौथा हिस्सा. मुळाचा तुकडा कुठल्याही दिशेला वळलेला असू शकतो. रेषेला समांतर पडला तर ती त्याला छेदत नाही, आडवा पडला तर छेदते. सगळ्या दिशांची सरासरी काढायला गेलं की पाय आपोआप येतो. अठराव्या शतकात बुफाँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने पट्ट्यांच्या जमिनीवर सुई टाकून असाच हिशेब केला होता. अट एकच, मुळं विंचरल्यासारखी एका दिशेला पडता कामा नयेत.

आत्या : हे आमच्या गटातली सुनंदा करेल. तिची नजर चांगली आहे. मग तुमचं एवढं यंत्र कशाला?

भाचा : जाडीसाठी. कुठल्या जाडीचं मूळ किती लांब, हे डोळ्याने सांगता येत नाही. एका इंचात ६०० ठिपके घेतले तर एक ठिपका मिलिमीटरच्या साधारण चोविसाव्या भागाएवढा होतो. विनरायझो नावाचं कॅनडातलं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं. रायझोव्हिजन एक्सप्लोरर फुकट मिळतं. पण खोड्या दोन्हींना आहेत. मुळं एकमेकांवर पडली की लांबी कमी भरते. दोन चिकटून पडली की त्यांचं एक जाड मूळ होतं. खैराच्या मुळांना नत्राच्या गाठी असतात, तिथे मूळ एकदम सुजलं असं त्याला वाटतं. पाल्याचा तुकडा राहिला तर तोही मूळच. मूलरोम तर धुतानाच तुटतात, आणि उरले तरी एका ठिपक्याहून बारीक.

आत्या : बुरशी? पिशव्या भरताना मी जुन्या झाडाखालची मूठभर माती मिसळते. तिच्यातली बुरशी मुळाला धरते आणि मूळ पोचत नाही तिथलं पाणी आणते, असं तुमच्याच लोकांनी आम्हाला शिकवलं.

भाचा : तिचे धागे स्कॅनरला दिसत नाहीत. मूळ रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं.

आत्या : म्हणजे पाणी पिणारे रोम तुटले, बुरशी धुऊन गेली, आणि राहिलं ते तू मोजलंस.

भाचा : हो. राहिलं ते मोजलं. आता लांबी बाजूला ठेव. मला खरं बघायचंय ते फाटे कसे फुटतात ते. (काडीने मातीत रेघा ओढत) हे एक मूळ. मधून सरळ सोट, दोन्ही बाजूंना बारकी उपमुळं, आणि उपमुळांना पुढे फाटा नाही.

आत्या : बांगड्याचा काटा.

भाचा : शास्त्रातलं नावही माशाच्या काट्यावरूनच आहे. हे दुसरं बघ. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. दोन्हींची टोकं मोज.

आत्या : इथे आठ. तिथे... सोटाचं धरून आठच.

भाचा : लांबीही सारखी ठेवता येईल. आता एका फाट्यापासून पुढच्या फाट्यापर्यंत एक तुकडा धर. वरपासून सगळ्यात दूरच्या टोकापर्यंत जाताना किती तुकडे लागतात?

आत्या : काट्यात आठ. ह्याच्यात चारच.

भाचा : ब्रिटनचे ॲलिस्टर फिटर यांनी १९८७ मध्ये ही मोजणी मुळांना लावून दाखवली. काट्यासारखी मांडणी रोपाला महाग पडते, कारण मधला सोट लांबपर्यंत जाड ठेवावा लागतो. पण तिची मुळं एकमेकांच्या हद्दीत फारशी शिरत नाहीत, नवी माती धुंडाळत जातात. दुभंगत जाणारी मांडणी स्वस्त, पण तिची मुळं एकाच जागेतलं पाणी एकमेकांच्या तोंडचं ओढतात. म्हणून कसहीन जमिनीत काटा फायद्याचा ठरावा, असं त्यांचं म्हणणं. स्कॅनरवरची टोकं आणि लांबी दोन्हींची सारखीच येईल. फरक फक्त ह्या मोजणीत दिसतो.

आत्या : आपल्या कातळावर मूळ मांडणी करत बसत नाही रे. भेग मिळेल तिथे घुसतं.

भाचा : म्हणूनच पिशवीतलं बघायचं. भेगेशी गाठ पडायच्या आधी रोप काय घेऊन निघालंय?

आत्या : ह्या उपमुळांना क्रम कसा देता? सोटावरची पहिली, त्यांच्यावरची दुसरी, असंच ना?

भाचा : ती एक पद्धत. दुसरी नद्यांवरून आली. हॉर्टन आणि स्ट्रालर यांनी ओढ्या-नद्यांना क्रम देण्यासाठी ती बसवली. टोकाची, फाटा नसलेली मुळं पहिली. दोन पहिली मिळाली की दुसरं. दोन दुसरी मिळाली की तिसरं. सोटमुळाचा नंबर सगळ्यात मोठा.

आत्या : म्हणजे एकाने वरून मोजलं, दुसऱ्याने खालून. तुमच्यातच ठरलेलं नाही!

भाचा : कुठून मोजलं ते आधी लिहावं लागतं, एवढंच. झाडांच्या मुळांना खालून मोजणं बरं पडतं. पूर्वी दोन मिलिमीटरच्या आतलं ते सगळं बारीक मूळ, असा ढोबळ हिशेब असायचा. सहा महिन्यांच्या रोपात सोट सोडला तर सगळंच त्यात बसतं. पाणी शोषणारं टोक आणि ते पाणी वर नेणारं मूळ एकाच खात्यावर जमा. टोकाकडून क्रम दिला की ती दोन खाती वेगळी होतात.

आत्या : थांब. तुला एक खातं मी दाखवते.

(आत्या कोपऱ्यातल्या जुन्या पिशव्यांपैकी एक उचलते. उंच, हिरवंगार रोप. ब्लेडने ती पिशवी वरपासून खालपर्यंत चिरते आणि प्लास्टिक सालीसारखं सोलून काढते. गोळा जसाच्या तसा उभा राहतो. प्लास्टिकला टेकून वाढलेली उपमुळं चपटी झाली आहेत, पिशवीच्या चुण्यांचे ठसेसुद्धा त्यांच्यावर उमटले आहेत. तळाशी सोटमूळ आडवं वळून स्वतःभोवती फिरलं आहे. वरचा वेढा तपकिरी, कडक. सगळ्यात आतलं टोक अजून पांढरं.)

भाचा : तीन वेढे.

आत्या : आता हे धू आणि तुझ्या ट्रेमध्ये पसर. लांबी किती भरेल?

भाचा : भरपूर.

आत्या : यंदाच्या रोपांपेक्षा?

भाचा : जास्तच. जाडी जास्त, वजन जास्त. टोकंही जास्त असतील.

आत्या : आणि वेढे?

भाचा : पसरताना सुटतील. सोट ट्रेमध्ये मावत नाही म्हणून आम्ही तुकडेही करतो.

आत्या : म्हणजे मी जे रोप फुकटसुद्धा कोणाला देणार नाही, त्याला तुझं यंत्र पहिला नंबर देणार.

इथे मी पूर्णपणे आत्याच्या बाजूने आहे. आणि हा दोष यंत्राचा नाही. मूळ मोजायचं तर ते मातीतून बाहेर काढावं लागतं, आणि बाहेर काढलं की ते कुठे होतं, कुठल्या दिशेला होतं, ही अर्धी माहिती पाण्याबरोबर मोरीत जाते. कडक झालेला वेढा जमिनीत लावल्यावर उलगडत नाही. नवी मुळं फुटतात, पण जुनं वळण तसंच राहून जाड होत जातं. काही वर्षांनी खोड भरलं, वारा आला, की झाड बुडापासून हलतं किंवा कलतं, आणि तोवर लावणारा, विकणारा, मोजणारा कोणीही तिथे नसतो.

जुन्या अभ्यासकांना ही अडचण ठाऊक होती. नेब्रास्काचे जॉन वीव्हर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत झाडाशेजारी खंदक खणून, मुळं जिथल्या तिथे उघडी करत, मापात चित्रं काढत असत. ऑस्ट्रियाच्या लोरे कुचेरा यांनी तसाच मुळांचा नकाशासंग्रह १९६० मध्ये प्रसिद्ध केला. त्या चित्रांत एकूण लांबीचा आकडा मिळत नाही, पण कुठलं मूळ कुठे वळलं ते दिसतं. आता इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठात कुंडी न फोडता क्ष-किरणांनी मुळांची त्रिमितीय प्रतिमा काढतात. वेढा तिथे वेढाच राहतो. पण त्या यंत्रात मावेल तेवढीच कुंडी, आणि ओली माती व ओलं मूळ प्रतिमेत एकमेकांपासून वेगळं करणं ही त्यांची रोजची डोकेदुखी. रत्नागिरीच्या रोपवाटिकेला ते स्वप्नातही परवडणार नाही, ब्लेड परवडतं.

भाच्याने मात्र हार मानलेली नाही, आणि त्याची पुढची सरबत्ती मला तितकीच बिनतोड वाटते.

भाचा : वेढे पडले कशाने, आत्या? वर्षभर हे रोप पिशवीत का ठेवलंस?

आत्या : मागणी उंच रोपांची असते. मागणीपत्रात उंची लिहिलेली असते. मुळाचा रकानाच नसतो.

भाचा : आणि रकाना का नाही? कोणी मोजत नाही म्हणून. उंचीला पैसे मिळतात, म्हणून तू पिशव्या दाटीने लावतेस, खत वाढवतेस, शेंडा पळत सुटतो. खाली मूळ त्याच पिशवीत गरगर फिरतं. तुझ्या डोळ्याला वेढा दिसतो, पण तुझा डोळा बिलावर लिहिता येत नाही. आकडा लिहिता येतो.

आत्या : म्हणून काय मुळाची लांबी लिहू?

भाचा : लांबी नको. १९६० मध्ये डिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्प्रूस आणि पाइनच्या रोपांसाठी एक गुणांक काढला. रोपाचं एकूण वाळलेलं वजन वर. खाली दोन गुणोत्तरांची बेरीज, उंची भागिले कॉलरची, म्हणजे खोड आणि मूळ जिथे मिळतात तिथली, जाडी, आणि शेंड्याचं वजन भागिले मुळाचं वजन. समज, रोप चाळीस सेंटिमीटर उंच, कॉलर चार मिलिमीटर, भागाकार दहा. शेंडा चार ग्रॅम, मूळ दोन; भागाकार दोन. खाली झाले बारा. वजन सहा. गुणांक अर्धा.

आत्या : आणि रोप नुसतंच उंच वाढलं तर?

भाचा : खालची बेरीज वाढते, गुण कमी होतात.

आत्या : हे मात्र आवडलं मला. लंबूटांगाला दंड! पण वाळवायचं म्हणजे पुन्हा मारायचंच. त्यातलं न मारता काय करता येतं?

भाचा : उंची आणि कॉलर. पट्टी आणि व्हर्नियर कॅलिपर. बाकी नमुन्यातून. उंचीवर भरवसा ठेवू नये, हे तर शंभर वर्षांपूर्वीच छापून आलंय. १९२१ मध्ये ट्रूप यांचे भारतीय वृक्षांच्या लागवडीवरचे तीन खंड निघाले. साल वृक्षाचं रोप वरून दरवर्षी जळून जातं आणि जमिनीखाली मूळ मात्र पोसत राहतं, असं कित्येक वर्षं चालतं, हे त्यात आहे. मग एका वर्षी शेंडा जो वर सुटतो तो थांबत नाही. त्याआधी कोणी उंची मोजायला गेलं असतं तर रोप नापास.

आत्या : बरं, आता सागाचं सांग. गादीवाफ्यावरची वर्षाची रोपं आम्ही उपटतो. शेंडा दोन बोटं ठेवून उडवतो, सोट वीतभर ठेवून तोडतो, बाजूची सगळी बारीक मुळं छाटून साफ करतो. हातात उरतो तो अंगठ्याएवढा स्टंप. टोक एकही नाही, फाटा एकही नाही. तुझ्या ट्रेमध्ये त्याला भोपळा. पहारीने भोक पाडून लावला की पावसात फुटतो, आणि पिशवीतल्या रोपाला मागे टाकतो. मग तुझ्या टोकांचं आणि फाट्यांचं काय घेऊन बसलास?

भाचा : सागाच्या सोटात पिष्ट साठवलेलं असतं. त्या शिदोरीवर तो नवी मुळं फोडतो. त्याला विचारायचं ते जाडीबद्दल, आणि ते तुम्ही विचारताच. बारीक स्टंप बाजूला काढता ना?

आत्या : पेन्सिलीएवढे काढतो. ते फुटून मरतात.

भाचा : मग ते मोजणंच झालं. खैराकडे एवढी शिदोरी नाही. त्याला पावसाळ्याच्या चार महिन्यांत खाली ओलीपर्यंत पोचायचंय. त्याचं माप वेगळं.

आत्या : ते म्हणतोस तर मला लांबी नको, फाटे नकोत. मला एक सांग, जूनमध्ये लावलेलं मूळ दसऱ्यापर्यंत किती खाली जातं? ऑक्टोबरच्या उन्हात वरचा हातभर थर वाळतो. त्याच्या खाली पोचलं ते जगलं.

भाचा : त्यासाठी काचेची पेटी करू. एक बाजू काचेची, आणि पेटी त्या बाजूला कललेली ठेवायची. मूळ सरळ खाली जायला बघतं, म्हणून काचेला लागून चालतं. काचेवर काळं कापड. आठवड्याला एकदा कापड काढून वर पारदर्शक कागद लावायचा आणि दर वेळी वेगळ्या रंगाने मूळ गिरवायचं. रोप मरत नाही, आणि वेगही कळतो. जर्मनीच्या साक्स यांनी एकोणिसाव्या शतकात कोवळ्या मुळावर शाईने मिलिमीटरच्या अंतराने खुणा करून बघितलं होतं. टोकाजवळच्या साधारण सेंटिमीटरभरातल्या खुणाच एकमेकींपासून लांब गेल्या, वरच्या तशाच राहिल्या.

आत्या : म्हणून टोक मोडलं की मूळ तिथेच थांबतं आणि वरून फुटवे येतात.

भाचा : फुटवे आतून येतात. मुळाच्या गाभ्याभोवती परिरंभ म्हणून पेशींचा एक थर असतो, तिथे सुरुवात होते आणि साल फोडून उपमूळ बाहेर पडतं. गाभ्यातल्या पाण्याच्या नळ्यांच्या रेषेवरच ती निघतात, म्हणून—

आत्या : म्हणून ओळीने असतात. घेवड्याला चार ओळी. हे मला तुझ्या परिरंभाशिवाय माहीत आहे.

भाचा : रूट ट्रेनर म्हणतात त्या रोपांच्या कपांमध्ये ह्याचाच तर उपयोग करतात. आतून उभ्या कडा, म्हणून मूळ गरगर फिरत नाही. तळ उघडा, खाली मोकळी हवा. टोक हवेत आलं की सुकतं आणि वरून फुटवे सुटतात. वेढ्याचा प्रश्नच मिटतो.

आत्या : आणि मेमध्ये एक दुपार पाणी चुकलं तर रोपाचाच प्रश्न मिटतो. कपभर कोकोपीट ते, वाळायला किती वेळ लागतो! पिशवी दोन दिवस सांभाळून घेते. आमच्याकडे वीज जाते, पंप बंद पडतो, हे तुझ्या रकान्यात कुठे बसवशील?

ह्या प्रश्नाला भाच्याकडे उत्तर नाही, आणि माझ्याकडेही नाही. रूट ट्रेनरची मुळं मोजणीत सरस ठरतात ती बहुतेक वेळ पाणी चुकत नाही अशा ठिकाणी. पुढे जायचं तर दोघांना जमेल असं एखादं माप हवं. ते भाच्याला अमेरिकेतल्या जॉर्जियात सापडलं.

भाचा : पॉल कॉर्मॅनिक नावाचे वनशास्त्रज्ञ १९८० च्या दशकात स्वीटगमच्या रोपांवर काम करत होते. वाफ्यातून रोप उपटलं की त्याच्या सोटावरची फक्त जाडसर उपमुळं मोजायची, बुडाशी एक मिलिमीटरहून जाड असलेली. स्कॅनर नाही, ओव्हन नाही, रोपही मरत नाही. अशी उपमुळं ज्यांना जास्त ती रोपं पुढे बरी निघतात, असं त्यांना दिसलं.

आत्या : वाफ्यातल्या रोपाला ठीक. पिशवीतल्याला माती सोडवावी लागेल.

भाचा : म्हणून नमुन्यालाच. रजिस्टरला तीन रकाने वाढवू. कॉलरची जाडी, जाड उपमुळं, आणि धुण्याच्या आधी, गोळा उभा असताना, वेढा. वेढा नाही तर शून्य, सोट नुसता वळला तर एक, पूर्ण फेरा तर दोन, त्याहून जास्त तर तीन.

आत्या : वेढ्याचे गुण देणार कोण? तू?

भाचा : तू आणि सुनंदावहिनी. पण एकमेकींना न सांगता, वेगवेगळ्या कागदावर. दोघींचे आकडे जुळले तर तुमची नजर मापाला लावता येते. नाही जुळले तर कुठे बिनसलं ते बघू, वळला आणि फेरा यांतली हद्द नीट लिहून काढू, आणि पुन्हा गुण देऊ.

आत्या : आधीच सांगते, ती माझ्यापेक्षा कडक आहे. अर्ध्या पिशव्या नापास करेल. मग त्या पिशव्यांचे पैसे कोण देणार, ते तुझ्या सरांना विचारून ये.